आमच्या म्हशीचा आणि स्कायलॅबचा काहीही संबंध नव्हता

आज ११ जुलै. ४६ वर्षांपूर्वी आजच्या रात्री स्कायलॅब पडलं.

ज्यांचा जन्म नंतरचा, त्यांना हे नाव रक्त तपासायच्या लॅबसारखं वाटेल. पण तुमच्या घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर आत्ता त्यांच्याजवळ जाऊन बसा, नुसतं "स्कायलॅब" एवढंच म्हणा आणि गप्प राहा. पुढचा अर्धा तास तुम्हाला बोलावं लागणार नाही.

माझं तर घरातलं नावच ते. मी जन्मलो त्यानंतर तीन आठवड्यांनी. बारशाला आत्यानं कानात सांगितलेलं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे. पण जन्मलो तेव्हा डोकं मोठं आणि आवाज त्याहून मोठा, म्हणून चुलते म्हणाले, "घ्या, आपल्या घरात बी पडलं स्कायलॅब." झालं. ते चिकटलं. पुढं त्याचं स्काय्या झालं. अजून बाजारात मागनं कुणी "ए स्काय्या" अशी हाक मारली की वळून बघायच्या आधीच कळतं, आपल्या जुन्या गावाकडचं माणूस आहे.

तर २००९ साली स्कायलॅबला तीस वर्षं झाली तेव्हा मी ज्या दैनिकाला बातम्या द्यायचो, त्यात हौसेनं एक लेख लिहिला. त्यात आमच्या आजीची गोष्ट होती. स्कायलॅब आपल्याच गावावर पडणार असं ऐकून आजीनं दावणीची दुभती म्हैस अकराशे रुपयांना फुंकून टाकली आणि त्या पैशात घरादाराला आठ दिवस पुरणपोळी आणि मटण खाऊ घातलं. मरायचंच आहे तर खाऊनपिऊन मरू. नवव्या दिवशी सगळे जिवंत, आणि चहाला दूध नाही.

लोकांना ती गोष्ट फार आवडली. पन्नासेक फोन आले. एका शाळेच्या गॅदरिंगला त्यावर नाटुकली झाली. एका पुढाऱ्यानं ती भाषणात सांगितली, आणि तीन वर्षांपूर्वी तीच गोष्ट मला व्हॉट्सॲपवर फिरून परत आली, फक्त जिल्हा बदललेला, आणि म्हशीच्या जागी दोन बैल.

मित्रांनो, ती गोष्ट खोटी आहे. म्हणजे म्हैस खरी, अकराशे खरे, विकली हेही खरं. पण स्कायलॅबचा त्यात काही संबंध नव्हता. हे मला यंदाच्या उन्हाळ्यात कळलं. पेपरात चूक झाली की दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात दुरुस्ती छापायची असते. माझी १६ वर्षं उशिरा आणि जरा लांबलचक आहे, एवढं सांभाळून घ्या.

आधी स्कायलॅब काय होतं ते बघू, म्हणजे लोक का घाबरले ते समजेल.

१४ मे १९७३ ला अमेरिकेनं आकाशात एक घर सोडलं. त्यांचं पहिलं अंतराळ स्थानक. वजन साधारण ७७ टन. आपल्या भाषेत सांगायचं तर उसानं भरलेल्या चारपाच ट्रकांएवढं. उडतानाच त्याचं वरचं संरक्षक कवच फाटून गेलं, सौरऊर्जेचा एक पंख तुटला आणि आतलं तापमान वाढायला लागलं. मग पहिल्या तीन अंतराळवीरांनी वर जाऊन त्याच्यावर छत्रीसारखं एक आच्छादन उघडलं. म्हणजे अब्जावधी डॉलरचं काम शेवटी छत्रीवर भागलं. पुढं आणखी दोन तुकड्या गेल्या. एक २८ दिवस राहिली, दुसरी ५९, तिसरी ८४. एका शाळकरी मुलीनं सुचवलं म्हणून दोन कोळीणीसुद्धा वर नेल्या, त्यांची नावं अरेबेला आणि अनिता. वजन नसताना जाळं विणता येतं का ते बघायचं होतं. आधी गडबडल्या, मग जमलं.

८ फेब्रुवारी १९७४ ला शेवटची माणसं परत आली आणि घर रिकामं पडलं. बेत असा होता की पुढं स्पेस शटल तयार झालं की त्यानं जाऊन स्कायलॅबला जरा वर ढकलायचं. पण शटलला उशीर झाला, ते उडालं एकदम १९८१ च्या एप्रिलात. आणि इकडं सूर्यानं घोळ केला. सूर्यावर हालचाल वाढली की पृथ्वीच्या वरचं विरळ वातावरण तापतं आणि तव्यावरच्या भाकरीसारखं फुगतं. फुगलेल्या हवेला घासून स्कायलॅबचा वेग कमी व्हायला लागला, आणि ते अंदाजापेक्षा लवकर खाली यायला लागलं. वर माणूस नाही, इंजिनाचा जोर नाही. कुठं पडणार ते शेवटपर्यंत कुणालाच नक्की सांगता येईना.

नासानं हिशोब मांडला. पृथ्वीवर कुठल्यातरी एका माणसाला तुकडा लागण्याची शक्यता १५२ त एक. आणि तुम्हाला, म्हणजे नेमकं तुम्हालाच, लागण्याची शक्यता साठ हजार कोटींत एक. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पण "१५२ त एक" हे ऐकलं की आपल्याला आपलीच आळी दिसते. आमच्या आळीत तेव्हा दीडशेच माणसं असतील. गुरुजींनी फळ्यावर गणित करून दाखवलं तर एका म्हाताऱ्यानं विचारलं म्हणे, "म्हंजे आपल्यातला एक जाणार. कोण ते सांगा."

आणि भीती अगदीच बिनबुडाची नव्हती, हेही सांगायला पाहिजे. त्याच्या आदल्याच वर्षी, जानेवारी १९७८ मध्ये, रशियाचा कॉसमॉस ९५४ नावाचा उपग्रह उत्तर कॅनडात पडला होता आणि त्याच्यात अणुभट्टी होती. बर्फावर किरणोत्सारी तुकडे वेचत महिनोन् महिने माणसं फिरत होती. स्कायलॅबमध्ये तसलं काही नव्हतं. पण "आकाशातनं पडलं आणि विषारी होतं" एवढं लोकांच्या कानावर आलेलं होतं. स्कायलॅब जिथनं जिथनं फिरत होतं त्या पट्ट्यात आपला देशही येत होता. सरकारनं पोलिसांना सज्ज राहायला सांगितलं. आता पोलिसांनी ७७ टनांचं काय करायचं होतं, ते विचारू नका.

आमच्या गावाबद्दल दोन शब्द. आम्ही करमाळा तालुक्यातले, भीमेच्या काठचे. आज जिथं उजनीचं पाणी आहे, तिथं आमचं जुनं गाव होतं. १९७९ साली धरण पूर्ण व्हायचं होतं (ते झालं १९८० ला), पण पाणी अडायला लागलं होतं, खालची रानं गेली होती, आणि गाव उचलून वर माळावर न्यायचं काम चालू होतं. अर्धी घरं खाली, अर्धी वर. हे लक्षात ठेवा, नंतर लागेल.

गावात रेडिओ तीन. एक ग्रामपंचायतीचा, एक गुरुजींचा, एक किराणा दुकानदाराचा. पेपर यायचा एसटीनं, तोही आला तर. जूनच्या शेवटापासनं बातम्यांत रोज स्कायलॅब. संध्याकाळी दुकानासमोर गर्दी. बातमीत एक वाक्य असायचं, ते पाराजवळ जाईपर्यंत त्याची चार व्हायची. कुणी म्हणालं पंढरपुरावर पडणार. कुणी म्हणालं, नाही, पांडुरंग तिथं पडू देणार नाही, म्हणून ते अलीकडं आपल्यावर पडणार. यातलं तर्कशास्त्र मला आजही बिनतोड वाटतं.

२००९ च्या लेखासाठी मी पंधरावीस म्हाताऱ्यांशी बोललो होतो, ती वही अजून आहे. एकानं सांगितलं, सावकाराच्या वसुलीच्या माणसाला लोक सरळ सांगायचे की पुढच्या बुधवारनंतर या. दुसऱ्या एकानं पेरणीसाठी राखून ठेवलेल्या भुईमुगाच्या शेंगा भाजून खाल्ल्या. हे त्यानं स्वतः, बायकोसमोर कबूल केलं, आणि बायकोनं मान हलवून दुजोरा दिला, म्हणजे खरं असणार. कोंबड्यांवर तर संक्रांत आली. एक बाई म्हणाल्या, स्कायलॅबनं माणूस मेलं नाही, पण आमच्या आळीतलं एक कोंबडं वाचलं नाही.

बुधवार, ११ जुलै उजाडला. आषाढ, आभाळ भरलेलं. वर बघायला गेलं तर ढगाशिवाय काही दिसत नव्हतं, त्यामुळं भीती जास्त. काही घरं माळावर झोपायला गेली, काही देवळात. रात्री दहा वाजून गेल्यावर, म्हणजे आपल्या घड्याळात दहा वाजून सातआठ मिनिटांनी, स्कायलॅब हिंदी महासागर ओलांडून ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकावर फुटलं. आमच्याकडं ही बातमी सकाळी कळली. चुलते सांगायचे, बातमी ऐकल्यावर आनंद झालाच, पण थोडं वाईटही वाटलं. इतकी वाट बघायला लावून शेवटी दुसरीकडंच गेलं.

तिकडं ऑस्ट्रेलियात एस्परन्स नावाचं समुद्रकाठचं छोटं गाव. आपल्या तालुक्याच्या ठिकाणापेक्षा लहान. मध्यरात्र उलटून गेलेली. आकाशात रंगीबेरंगी आग, मग धडाडधूम आवाज, आणि सकाळी माळरानात तुकडेच तुकडे. एकही माणूस जखमी नाही.

आता गंमत बघा. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका पेपरानं, एक्झामिनरनं, जाहीर केलं होतं की स्कायलॅबचा खरा तुकडा ७२ तासांच्या आत आमच्या कचेरीत आणून देणाऱ्या पहिल्या माणसाला १०,००० डॉलर. स्कायलॅब अमेरिकेवर पडणार नाही हे त्यांना जवळजवळ माहीत होतं, म्हणजे बक्षीस द्यायची वेळ येणार नाही असाच हिशोब. एस्परन्सच्या स्टॅन थॉर्नटन नावाच्या १७ वर्षांच्या पोरानं घरामागच्या शेडजवळचे जळके तुकडे गोळा केले, विमानात बसला आणि मुदतीच्या आत सॅन फ्रान्सिस्कोत हजर. पेपराला पैसे मोजावे लागले. त्यांच्या स्पर्धक पेपरानं, क्रॉनिकलनं, तर आपल्या वर्गणीदारांपैकी कुणाचं नुकसान झालं तर २ लाख डॉलर देऊ म्हटलं होतं. ते वाचले. (आमच्या धंद्यात खप वाढवायच्या कल्पना तेव्हापासनं अशाच आहेत. आम्ही बादल्या वाटतो.)

त्याहून भारी काम एस्परन्सच्या नगरपरिषदेनं केलं. गावात कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलर दंड ठोठावला. अर्थात चेष्टेत. नासानं भरला नाही. तो दंड तीस वर्षं थकला, आणि २००९ साली कॅलिफोर्नियातल्या स्कॉट बार्ली नावाच्या रेडिओ निवेदकानं आपल्या श्रोत्यांकडनं वर्गणी काढून तो चुकता केला. आपल्याकडच्या कुठल्या नगरपालिकेची तीस वर्षांपूर्वीची थकबाकी अशी कुणी वर्गणी काढून भरली असेल तर मला जरूर कळवा, पहिल्या पानाची बातमी आहे.

आणि नऊ दिवसांनी, २० जुलैला, त्याच पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात मिस युनिव्हर्स स्पर्धा होती. आधीच ठरलेली. तिथं स्टेजवर सुंदऱ्यांबरोबर स्कायलॅबचा एक मोठा तुकडाही ठेवला होता. व्हेनेझुएलाची मुलगी जिंकली, तिच्याभोवती सगळ्यांनी गर्दी केली, आणि स्टेजचा एक भाग खाली बसला. ७७ टन पडून जे झालं नाही ते फोटोग्राफरांनी करून दाखवलं.

नावही कुठं कुठं गेलं बघा. फिलिपिन्समधल्या मिंदानाओ बेटावर मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी फळ्या लावून सातआठ माणसं बसवतात, तिचा आकार पंखवाल्या स्थानकासारखा दिसतो म्हणून त्या गाडीला तिकडं स्कायलॅब म्हणतात. तेलुगूत २०२१ ला या नावाचा सिनेमा आला, तोही एका खेड्यातल्या या घबराटीवरच. आणि आमच्या गावात मी.

आता दिल्ली. त्याच ११ जुलैला, त्याच बुधवारी, लोकसभेत यशवंतराव चव्हाणांनी मोरारजी देसाईंच्या सरकारवर अविश्वास ठराव मांडला. चार दिवसांत, १५ जुलैला, मोरारजींनी राजीनामा दिला. देशातलं पहिलं काँग्रेसेतर सरकार गेलं. एवढी मोठी घटना, पण माझ्या वहीतल्या त्या पंधरावीस म्हाताऱ्यांपैकी फक्त एकाला ती आठवत होती, आणि तेही गुरुजी होते. बाकी सगळ्यांना बुधवार आठवतो तो कोंबड्यांसाठी.

आणि ज्या पाण्यानं आमचं गाव घेतलं त्या जलाशयाचं नाव यशवंतसागर. याच यशवंतरावांच्या नावानं. योगायोग आहे, त्यात काही अर्थ शोधू नका. मी शोधला, सापडला नाही.

पुढच्या महिन्यातलं मात्र मला २००९ च्या लेखात लिहायचं सुचलंच नव्हतं. १० ऑगस्ट १९७९ ला श्रीहरिकोट्याहून आपला स्वतःचा पहिला उपग्रह-अग्निबाण, एसएलव्ही ३, उडाला. प्रकल्पाचे प्रमुख अब्दुल कलाम. पाच मिनिटांच्या आसपास गेला आणि बंगालच्या उपसागरात पडला. आणि दुसऱ्या दिवशी, ११ ऑगस्टला, स्कायलॅबनंतर बरोबर एक महिन्यानं, गुजरातेत मोरबीजवळ मच्छू नदीवरचं धरण अतिवृष्टीनं फुटलं. भिंतीच्या दोन्ही बाजूंचे मातीचे बांध वाहून गेले आणि सगळं पाणी मोरबी शहरावर आलं. हजारो माणसं गेली. नेमकी किती, यावर आजही वाद आहेत.

आता पेटीकडं येतो.

आजी २०१४ ला गेली. तिची लोखंडी पेटी नव्या घराच्या माळ्यावर तशीच होती. यंदा मे महिन्यात घराची डागडुजी काढली म्हणून उघडली. आत दोन लुगडी, पंढरपूरच्या बुक्क्याची डबी, धरणाच्या मोबदल्याचे कागद, आणि एका प्लॅस्टिकच्या पिशवीत जनावरांच्या बाजाराची पावती. शाई उडालेली, पण वाचता येते. विकणार म्हणून आजोबांचं नाव. म्हैस एक, रंग काळा, शिंगं मागं वळलेली, दुसरं वेत. किंमत रुपये अकराशे. तारीख १६ फेब्रुवारी १९७९.

फेब्रुवारी.

मी पावती तीनदा वाचली. स्कायलॅब खाली येणार हे फेब्रुवारीत नासाला ठाऊक होतं. आमच्या गावात ते कुणाच्या कानावर येणं शक्य नव्हतं. त्या घबराटीला अजून चारपाच महिने होते.

आत्या कुर्डुवाडीला असते, आता ७३ वर्षांची. पावती खिशात घालून तिच्याकडं गेलो. म्हटलं, "आत्या, म्हैस स्कायलॅबच्या वेळी विकली ना?"

तिनं पावती हातात घेतली, चष्मा लावला, आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आरं, ती म्हस तर पाण्यापायी गेली."

मग तिनं सांगितलं ते असं. खालची काळी रानं आधीच पाण्याखाली गेली होती. नवं गावठाण माळावर, नुसता मुरूम आणि कुसळं. म्हशीला चारा नाही, डुंबायला डबकं नाही. ज्या पाण्यानं रान घेतलं ते पाणी वर माळावर प्यायलाही येत नव्हतं, बायका दोन मैल खाली उतरून घागरी आणायच्या. मोबदला हप्त्याहप्त्यानं, तोही हेलपाटे घालून. जुन्या घराच्या तुळया आणि वासे काढून बैलगाडीनं वर न्यायचे होते, त्याची मजुरी द्यायची होती. घरात खाणारी अकरा तोंडं. म्हणून आजोबांनी म्हैस बाजारात नेली. आजी त्या दिवशी नदीच्या काठाला जाऊन बसली आणि अंधार पडल्यावर घरी आली. अकराशेपैकी सातशे घर उतरवायला गेले. पुरणपोळी कसली आणि मटण कसलं. "त्या साली आम्ही दिवाळीला बी पुरण घातलं न्हाई," आत्या म्हणाली.

मी विचारलं, मग आजी मला असं का सांगायची? आणि हसून हसून सांगायची. मी पदविकेचा अभ्यास करत होतो तेव्हा टेपरेकॉर्डर समोर ठेवून तिला बोलतं केलं होतं, ती कॅसेट माझ्याकडं आहे. त्यात आजी हसते, मी हसतो, मागं आई हसते.

आत्या म्हणाली, "त्या पावसाळ्यात समद्यांच्याच घरात काय ना काय इकलं गेलं. कुणाची शेरडं, कुणाचं बैल, कुणाच्या अंगावरचं डाग. पुढं पाव्हणं यायचं, इचारायचं, दावण मोकळी कशी? मग कुणीतरी म्हणलं, स्कायलॅब. पाव्हणं हसायचं आन् इषय मिटायचा. मग समदीच तसं सांगायला लागली. तुझी आजी बी."

मी कॅसेट पुन्हा ऐकली. आजी म्हैस विकल्याचं सांगते, हसते, आणि मधे एक वाक्य आहे. माझ्या कानावरनं ते तेव्हाही गेलं होतं आणि लेख लिहिताना दुसऱ्यांदाही. ती म्हणते, "लई शानी म्हस हुती, माघारी वळून बघत हुती." मी त्यावर लगेच विचारलेला प्रश्न आहे, "आणि मटण किती आणलं होतं गं?"

पदविकेला आम्हाला शिकवलं होतं की बातमी दोन ठिकाणी पडताळून घ्या. मी आजीच्या म्हशीची एकाच ठिकाणी घेतली, आणि हशा पिकेल अशा ठिकाणी घेतली. वहीतल्या बाकीच्या गोष्टीसुद्धा मी आता पुन्हा बघतोय. शेंगा खाणारा खरा आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण बैल विकलेले तीन जण आहेत, आणि तिघंही बुडीत क्षेत्रातले. "पुढच्या बुधवारनंतर या" म्हणणाऱ्यांकडं बुधवारच्या आधी तरी द्यायला काय होतं? त्यातले दोघं आता नाहीत. तिसऱ्याकडं परवा गेलो होतो. त्यांना काही आठवत नाही, ते मला माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारत होते.

एक गोष्ट आत्यानं आणखी सांगितली. मोरबीचं धरण फुटल्याची बातमी आली तेव्हा माळावरच्या बायका घाबरल्या. उजनीचं असं झालं तर? तेव्हा दुकानापुढं बसलेला एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "आपण धरणाच्या वरच्या अंगाला हाय. फुटलं तर आपलं गाव वर येईल." कुणी हसलं नाही म्हणे. आणि हा म्हातारा तोच, ज्यानं गुरुजींना "कोण जाणार ते सांगा" असं विचारलं होतं. ती पहिली गोष्ट तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे. ही दुसरी मी पहिल्यांदा ऐकली.

याला जोडून एक अलीकडचं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात आकाशातनं खरोखरच तीनेक मीटर व्यासाची धातूची कडी येऊन पडली. आसपासच्या गावांत धातूचे गोळेही सापडले. चिनी रॉकेटचे अवशेष असावेत असं जाणकारांनी सांगितलं. म्हणजे १९७९ ला ज्याची वाट बघून बघून कोंबड्या संपवल्या, ते ४३ वर्षांनी महाराष्ट्रात एकदाचं आलं. आणि लोकांनी काय केलं? मोबाईल काढला. त्या रात्री माझ्या फोनवर जळत जाणाऱ्या रेषेचे पंचवीस व्हिडिओ होते. घाबरलेलं कुणी नाही. कडी पोलिसांनी ठाण्यात नेऊन ठेवली.

आमच्या इकडंही आता मोबाईल निघतात, मे महिन्यात. पाणी ओसरलं की जुन्या गावाचे ओटे, विहिरीचं कडं, देवळाचा चौथरा दिसायला लागतो. पोरं ड्रोन आणतात, मागं रोहित पक्ष्यांचा थवा घेतात, गाणं लावतात. छान दिसतं. यंदा मीही गेलो होतो, पावती सापडल्यानंतर. आत्यानं खुणा सांगितल्या होत्या, देवळापासनं उगवतीला सातवं घर. जोत्याचे चार दगड आहेत. गोठा कुठं होता ते मला ओळखू आलं नाही.

तर दुरुस्ती अशी. ११ जुलै २००९ च्या माझ्या लेखात आमच्या आजीनं स्कायलॅबच्या भीतीनं म्हैस विकली असं छापून आलं होतं. ते चुकीचं आहे. म्हैस १६ फेब्रुवारी १९७९ ला उजनीच्या पाण्यामुळं विकली गेली. पुरणपोळी आणि मटणाचा मजकूर काढून टाकावा. नाटुकली बसवणाऱ्या शाळेलाही मी कळवलं आहे, त्यांनी पावतीची झेरॉक्स मागितली आहे.

आणि एक विनंती. करमाळा, इंदापूर, माढा, दौंड, कर्जत, बुडीत गावांतली जी मंडळी हे वाचत असतील, त्यांनी घरातल्या जुन्या पेट्या एकदा उघडून बघा. १९७६ ते ८० मधल्या बाजाराच्या पावत्या, दागिने गहाण ठेवल्याच्या चिठ्ठ्या, मोबदल्याचे कागद, काहीही असेल तर मला दाखवा. एसटी स्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानाच्या वरती माझं ऑफिस आहे, संध्याकाळी पाचनंतर मी असतो. फोटो काढून कागद लगेच हातात परत देईन. नाव विचारायची गरज नाही, खाली स्काय्या कुठं बसतो म्हणून विचारलं तरी सांगतील.